ऑनलाइन मॅचिंगमध्ये ग्रीडीला अर्ध्याच्या पुढे का जाता येत नाही?

जागा आधीच माहीत आहेत, उमेदवार एकेक करून येतात, आल्याक्षणी जागा द्यायची, दिलेली परत घ्यायची नाही: हे ऑनलाइन मॅचिंग. चालणारी जागा रिकामी असेल तर ती लगेच देऊन टाकायची, ही ग्रीडी पद्धत. यात दोन जागा सारख्याच चालत असतील तेव्हा निवडीचा हुशार नियम लावून ग्रीडीला (सगळं आधीच माहीत असतं तर जेवढ्या जागा भरल्या असत्या, त्यांच्या) ५० टक्क्यांच्या पुढे नेता येईल का, असा प्रश्न आहे. नियम ठरलेला असेल तर नाही, तो कितीही हुशार असो.

पहिल्याला अ आणि ब दोन्ही चालतात. नियम अ देणार हे ठाऊक असलं, की समोरचा, म्हणजे नियमाला हरवण्यासाठी उमेदवार निवडणारा काल्पनिक प्रतिस्पर्धी, पुढचा उमेदवार फक्त अ चालणारा पाठवतो. अशा ५० जोड्या लावल्या, की १०० पैकी ५० जागा रिकाम्या. (त्याखाली मात्र ग्रीडी जात नाही, कारण जो हुकला त्याच्या वाट्याची जागा कुणीतरी आधीच भरलेली असते.)

मग दर वेळी चिठ्ठी टाकली तर? तेही पुरत नाही, आणि का, ते बघण्यासारखं आहे. १०० जागा, १०० उमेदवार. पहिल्याला पहिली चालते, दहाव्याला दहावी, असं प्रत्येकाला आपापल्या क्रमांकाची. शिवाय पहिल्या ५० जणांना ५१ ते १०० मधली कोणतीही. पहिल्या माणसापुढे ५१ पर्याय, त्यात योग्य एकच. ५१ ते १०० या मागच्या जागा आधी आलेले ५० लोकच संपवतात. हिशेब केला तर सरासरी ५३ च्या आसपास भरतात.

१९९० मध्ये रिचर्ड कार्प, उमेश वझिरानी आणि विजय वझिरानी यांनी चिठ्ठी टाकायची वेळच बदलली. कुणी यायच्या आधी सगळ्या जागा एकदाच पिसून क्रम लावायचा. मग प्रत्येकाला चालणाऱ्या रिकाम्या जागांतली सर्वांत वरची द्यायची. हीसुद्धा ग्रीडीच! पण आता मागच्या ५० पैकी वरच्या क्रमाच्या जागा आधी जातात आणि खालच्या उरतात, त्यामुळे चाळिसाव्या उमेदवाराला स्वतःचीच जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. त्याच १०० मध्ये सुमारे ६८ भरतात. कोणत्याही उदाहरणात सरासरी ६३ टक्क्यांची हमी मिळते, आणि त्याहून मोठी हमी कुठल्याच अल्गोरिदमला देता येत नाही, हेही त्यांनीच दाखवलं.

मात्र एकाच जागेसाठी आज १ रुपया देणारा आणि उद्या लाख देणारा येऊ शकत असेल, तर कसलीच ठाम टक्केवारी उरत नाही. तिथे उमेदवारांचा क्रम यादृच्छिक आहे असं तरी धरावं लागतं, नाहीतर दिलेली जागा काढून घ्यायची मुभा तरी ठेवावी लागते.