'स्वमग्न'मधला 'मग्न' आणि फलकावरचा 'ग्रस्त'

प्रश्न : २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) दिन असतो. त्यासाठीच्या फलकावर 'स्वमग्नताग्रस्त मुलांविषयी जनजागृती व स्वीकार' असं लिहिलं आहे. इथे 'जनजागृती' बरोबर की 'जाणीवजागृती'?

उत्तर : दोन्ही चालतील, त्यावर वेळ घालवू नका. मला छळतो तो 'ग्रस्त'. दर वर्षी एप्रिल उजाडला की हा शब्द डोळ्यांपुढे येतो आणि दर वर्षी तेवढाच संताप होतो. ग्रस् म्हणजे गिळणे. ग्रास, खग्रास ग्रहण ही त्याचीच प्रजा. पूर बाहेरून येतो, गिळतो, ओसरतो, म्हणून माणसं पूरग्रस्त होतात. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतच असते आणि जन्मभर सोबत राहते. तिने कुणाला गिळलेलं नाही. 'स्वमग्नतेने पीडित' आणि 'स्वमग्नतेचे रुग्ण' हेही त्याच माळेतले मणी.

आणि 'रुग्ण' म्हणणाऱ्यांनी तर 'मग्न' हा शब्द कधी उलगडून पाहिलेलाच नसतो. त्याचा धातू मस्ज्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तो 'टुमस्जो शुद्धौ' असा येतो, म्हणजे अर्थ दिलाय शुद्धी : पाण्यात बुडी मारून स्वच्छ होणं! त्यातल्या 'ओ'मुळे पाणिनीचं 'ओदितश्च' हे सूत्र लागतं, प्रत्ययातल्या 'त'चा 'न' होतो आणि मग्न तयार होतो. आता गंमत बघा. रुज्, म्हणजे मोडणे, याचं 'रुग्ण' याच सूत्राने होतं. भञ्ज्, म्हणजे फोडणे, याचं 'भग्न'ही याच सूत्राने. तिघे एकाच साच्यातून निघाले. दोघे मोडलेले, आणि एकाने फक्त बुडी मारलेली. मग त्या धडधाकट तिसऱ्याला मोडक्यांच्या पंगतीत का बसवायचं?

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाला ब्रह्माचा शेवटचा पाद, म्हणजे चौथा हिस्सा, सांगायला मद्गु नावाचा पक्षी येतो. पाण्यात सूर मारणारा हा पक्षी. त्याचं नावही याच धातूवरून सांगतात. लॅटिनमधलं 'मेर्गो' म्हणजे बुडवणे हे याच कुळातलं, आणि तिथेही बुडी मारणाऱ्या पक्ष्याचं नाव 'मेर्गुस'. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

'स्वमग्न'ऐवजी हिंदीच्या वळणावर 'स्वलीन' म्हणा असं सुचवणारे जाणकार आहेत. त्यांचं मत मला साफ अमान्य. ली धातूत चिकटणं आहे, विरघळणं आहे. लय, विलय, विलीन. विरघळलेला परत येत नाही. बुडी मारलेला येतो, त्याच्या वेळेने येतो. 'आत्मकेंद्री' सुचवणाऱ्यांनी तर कहर केला; मराठीत तो सरळसरळ स्वार्थी माणूस.

खरी चूक 'स्व'मध्ये आहे, आणि ती आपली नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीक 'आउटोस', म्हणजे स्वतः, यावरून 'ऑटिझम' घडवला तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी : जगाकडे पाठ फिरवून मनोराज्यात शिरणं. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तोच शब्द उचलला, आणि 'स्वतःत बुडालेली मुलं' हा गैरसमज नावातच कोरला गेला. ही मुलं स्वतःत कुठे बुडतात? ती बुडतात फिरत्या पंख्यात, आगगाड्यांच्या वेळापत्रकात, एखाद्या सुराच्या पुनरावृत्तीत. स्वमग्नतेच्या अभ्यासक डायना मरे आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या लेखात मांडलेला 'मोनोट्रॉपिझम'चा विचार हेच सांगतो : लक्ष थोड्याच गोष्टींकडे जातं, पण तिथे फार खोल जातं. हाक मारल्यावर ओ यायला उशीर होतो तो म्हणूनच; तळाशी असलेल्याला वर यायला वेळ लागतो. 'मग्न' हा शब्द हे सगळं आधीपासून जाणून आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून 'नेते स्वमग्न झालेत' असा मथळा दिसला की वाईट वाटतं. तिथे आत्मसंतुष्ट म्हणा, आत्मरत म्हणा. एका मुलाची ओळख असलेला शब्द शिवीसारखा वापरू नका.

तुमच्या फलकावरचा 'स्वीकार' मात्र अगदी जिवंत ठेवा. त्यातही 'स्व'च आहे : जे आपलं नव्हतं ते आपलं करणं. हा संस्कृतातला च्वि-प्रत्यय, त्यानेच 'स्व'चा 'स्वी' झाला. 'चालवून घेणे' हा अर्थ त्यात कुठेच बसत नाही.

आणि 'मुलांविषयी' खोडून 'व्यक्तींविषयी' करा. मुलं मोठी होतात, पन्नाशीचा माणूसही स्वमग्न असतो, आणि अशा अनेक प्रौढांना स्वतःला 'स्वमग्न व्यक्ती' म्हणवून घेणंच आवडतं. एखाद्याला दुसरं काही आवडत असेल तर त्याला विचारून तसं म्हणा.