नेमका तिसराच सिलिंडर मिसफायर होतोय हे ईसीयूला कसं कळतं?

मिसफायर म्हणजे सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं, आणि ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक. सिलिंडरच्या आत डोकावणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतो. ईसीयू मोजतो तो क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा, वेग. क्रँकवरच्या चाकाला साधारण ५८ दाते असतात आणि दोन दात्यांची जागा रिकामी, म्हणजे दर ६ अंशांना एक दाता. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट. ३००० आरपीएमला त्यासाठी १० मिलिसेकंद लागतात. एखादा स्फोट हुकला की तेवढाच टप्पा किंचित लांबतो. पाळी कुणाची होती हे कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सेन्सर सांगतो, म्हणून तिसऱ्या सिलिंडरचा फॉल्ट कोड पी०३०३. सिलिंडर ठरत नसेल किंवा अनेक असतील तर पी०३००.

खड्ड्यांतही चाकांचे झटके क्रँकपर्यंत पोचतात (आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको), त्यामुळे बऱ्याच गाड्या एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून रस्ता खराब असल्याचं ओळखून तेवढ्यापुरती मोजणी थांबवतात.

पी०३०३ आला म्हणून लगेच प्लगचा सेट घेऊ नका. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) असेल तर इंजिन बंद करून तिसरी कॉइल पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०१ आला तर कॉइल गेली. कोड हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. प्लगच्या विहिरीत ऑइल दिसलं तर आधी तिथलं सील बघा. फक्त सीएनजीवरच अडखळत असेल तर संशय प्लग-कॉइलवर घ्या. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो जाळून टाकतं.