वाचकांचे प्रश्न : पॉवर स्टीअरिंगचे तेल घरी बदलताना

प्रश्न : माझी गाडी 12 वर्षांची आहे. सकाळी गाडी सुरू करून स्टीअरिंग वळवले की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो. टाकीतले तेल पूर्वी लाल होते, ते आता काळपट तपकिरी झाले आहे आणि आजवर एकदाही बदललेले नाही. हे काम घरच्या घरी करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण आधी तेलाची अवस्था पाहावी. टाकीच्या झाकणाला असलेल्या पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टेकवून दहा मिनिटे तसाच ठेवावा. चांगल्या तेलाचा डाग एकसारखा पसरतो. थकलेल्या तेलाच्या डागात मधोमध काळे कण साचून राहतात. हे कण होज पाइप आणि सील यांच्या झिजलेल्या रबराचे असतात व त्यात पंपाच्या धातूचा अंशही असू शकतो. तेलाला जळका वास येत असेल किंवा डागात असे कण दिसत असतील, तर तेल बदलावे. पातळी मात्र वारंवार खाली जात असेल, तर आधी गळती शोधावी. हे तेल इंजिनात जळत नाही, त्यामुळे कमी झालेले तेल कोठून तरी बाहेर पडलेलेच असते आणि ती जागा पुष्कळदा रॅकच्या (स्टीअरिंग फिरवल्यावर पुढची चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाशी असलेल्या रबरी बुटाच्या, म्हणजे घडीदार आवरणाच्या, आत लपलेली असते.

तेल कोणते घ्यायचे हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल चालते, तर काहींना वेगळेच हिरवे सिंथेटिक तेल लागते. रंग जुळला म्हणजे तेल जुळले असे नव्हे. ब्रेक ऑइल तर चुकूनही ओतू नये, कारण ते ग्लायकॉलवर आधारलेले असल्यामुळे स्टीअरिंगमधील रबराचे सील त्याने फुगतात आणि मऊ पडतात.

सर्वांत निर्धोक रीत सिरिंजची आहे. मोठ्या सिरिंजला पारदर्शक नळी जोडून टाकीतले तेल उपसावे, नवे तेल खुणेपर्यंत भरावे, इंजिन सुरू करून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा सावकाश फिरवावे, इंजिन बंद करावे आणि पुन्हा उपसावे. समजा, यंत्रणेत एकूण 900 मिलिलिटर तेल आहे आणि त्यातले 300 मिलिलिटर टाकीत मावते. प्रत्येक फेरीत एक तृतीयांश तेल बदलते. म्हणजे पहिल्या फेरीनंतर 67 टक्के जुने तेल उरते, दुसरीनंतर 44, तिसरीनंतर 30 आणि सहावीनंतर सुमारे 9 टक्के. सहा फेऱ्यांना 1.8 लिटर तेल लागते. या फेऱ्या एकाच दिवशी उरकण्याची गरज नाही. चार-आठ दिवसांच्या अंतराने एकेक केली तरी चालते, आणि घाई नसलेल्या माणसाने मला विचारले तर मी हीच रीत सांगतो.

आपले तेल फारच काळे असल्यामुळे दुसरी रीत, म्हणजे परतीच्या होजमधून तेल काढणे, अधिक उपयोगी पडेल. तिला मदतनीस हवा. सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, पुढची दोन्ही चाके उचलून गाडी जॅक स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. टाकीला दोन होज जोडलेले असतात. पंपाकडे जाणारा सहसा जाड असतो, आणि रॅककडून परत येणारा बारीक. बारीक होजचा क्लॅम्प सोडवून तो टाकीपासून काढावा, त्याला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक बाटलीत सोडावे आणि टाकीचे उघडे पडलेले तोंड रबरी टोपणाने बंद करावे. खाली चिंध्या अंथराव्यात, कारण थोडे तेल सांडतेच. यानंतर टाकी भरून, इंजिन सुरू न करता, फक्त किल्लीने स्टीअरिंगचे कुलूप उघडून मदतनिसाने स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि आपण नरसाळ्याने तेल ओतत राहावे.

इंजिन बंद ठेवण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. पंप मिनिटाला काही लिटर तेल ढकलू शकतो. 300 मिलिलिटरची टाकी तो काही सेकंदांत कोरडी करतो, आणि पंपाला वंगण त्याच तेलाचे असल्यामुळे कोरडा फिरलेला पंप लगेच खरवडला जातो. जुन्या तेलाने वर्षानुवर्षे निभावून नेलेला पंप तेल बदलण्याच्या पाच मिनिटांत बिघडतो तो असा. हाताने फिरवताना तेल थोडे-थोडे, उसळत येते आणि आपल्याला पाहायला अवधी मिळतो. नळीत आधी गढूळ तपकिरी धार दिसते, मग तिच्यात लालसर रेघा उमटू लागतात आणि शेवटी बाटलीतल्या नव्या तेलासारखाच रंग येतो. तेथे थांबावे. काढलेले तेल रात्रभर स्थिर ठेवून बाटलीच्या बुडाला बाहेरून चुंबक लावून पाहावे. गाळ चुंबकामागे सरकला तर पंपाची झीज बरीच झाली आहे असे समजावे. ते तेल गटारात न ओतता, वापरलेले इंजिन ऑइल जेथे स्वीकारतात तेथे द्यावे.

टाकीच्या बुडाशी असलेली जाळीही पाहावी. ती गाळाने तुंबली असेल, तर आपण वर्णन केलेला थंड इंजिनातला आवाज तिच्यामुळेही येऊ शकतो, कारण थंड तेल घट्ट असते आणि पंपाला ते पुरेसे ओढता येत नाही. काही गाड्यांत जाळी सुटी निघत नाही. तेथे टाकीच बदलावी लागते.

प्रश्न : मी तेल बदलल्यानंतर टाकीत फेस दिसतो आणि पूर्वी नसलेला घरघराट सुरू झाला आहे. तेल चुकीचे पडले असेल का?

उत्तर : तेलाच्या बाटलीवरचे प्रमाण झाकणाशी जुळत असेल, तर दोष बहुधा आत शिरलेल्या हवेचा आहे. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग 15 ते 20 वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावे आणि पातळी राखत राहावे. बुडबुडे येणे थांबल्यावरच इंजिन सुरू करून पुन्हा काही वेळा फिरवावे. मात्र टोकाला नेऊन दाबून धरू नये, कारण तेथे दाब कमाल होतो आणि तेल झपाट्याने तापते. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी फेस परत आला, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या जाड होजचा क्लॅम्प आणि पंपाच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग तपासावी. या बाजूला पंप तेल ओढत असतो, त्यामुळे सैल जोडातून हवा आत जाते, पण तेल बाहेर टिपकेलच असे नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत स्टीअरिंगच्या तेलाची टाकी सापडत नाही. ती कोठे असते?

उत्तर : बहुधा ती नाहीच. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारे स्टीअरिंग असते आणि त्यात हे तेल मुळीच नसते. पुस्तिकेतील तेलांच्या तक्त्यात त्याचा उल्लेख नसेल, तर शंका मिटते. काही गाड्यांत मात्र विजेवर चालणारा तेलाचा पंप असतो. तेथे टाकी असते, पण ती इंजिनापासून दूर बसवलेली असू शकते. टाकी नसलेल्या गाडीत स्टीअरिंग जड झाले असेल, तर आधी टायरमधील हवा आणि बॅटरीचा व्होल्टेज पाहावा. तेलाची बाटली आधीच आणून ठेवली असेल, तर ती न उघडता परत करून टाकावी.