माडीवरच्या खोलीची चावी

'ताई, मी डिचोलीची, वय ३६, मुलगा ४ वर्षांचा. लॉकडाऊनमध्ये क्विल्टिंगचा नाद लागला तो सुटत नाही, महिन्याला चार-पाच हजारांचं कापड ऑनलाइन मागवते. तीन टॉप, म्हणजे गोधडीचे तुकडे जोडलेले वरचे थर, शिवून पडलेत, गोधडी एकही पुरी नाही. नवरा चांगला आहे, ओरडत नाही, फक्त कार्डाचं बिल आलं की मोठ्याने वाचून दाखवतो. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी वाकळ फुकटात व्हायची. मशीन जेवणाच्या टेबलावर असते, माडीवरची खोली नणंदेची, ती दुबईला असते. खर्च आणि वेळ दोन्ही ताब्यात कसं आणू?'

खर्चाचं राहू दे गो बाजूला. ती माडीवरची खोली. तू अर्ध्या वाक्यात उरकलंस आणि पुढे गेलीस, मी तिथेच अडकलेय. नणंद येते किती, चवथीला आठवडाभर आणि फारतर मे महिन्यात आंबे खायला? बाकीचं वर्ष तिथे एक पलंग, एक कपाट आणि कुलूप राहतं, आणि खाली तू दिवसातून दोनदा मशीन उचलून जेवणाची जागा करतेस.

टॉप का अडकलेत ते तुला पक्कं माहितीय. तुकडे टेबलावर जोडता येतात, पण पुढे मागचं कापड, मधे बॅटिंग म्हणजे भरावाचा थर, वर टॉप असे तीन थर सपाट पसरून, हाताने सुरकुत्या काढत मधून कडेकडे पिना लावत जायचं असतं, डबल बेडची गोधडी म्हणजे ९० बाय १०० इंच तरी, एवढी मोकळी जमीन तुला मिळते कधी, आणि निम्म्यात आमटीचं पातेलं आलं की सगळं गुंडाळ. कापड कापायचा गोल पात्याचा रोटरी कटर उघडा टाकून त्या पोराकडे पाठ फिरवायची सोय नाही ते वेगळंच. मग रात्री तू फोन काढून कापडं बघत बसतेस, कारण घ्यायला जागा लागत नाही, अंगठा पुरतो. शिवायला मिळत नाही म्हणून घेत सुटलीयस! आणि आलेलं कापड कुठे, तर पलंगाखाली प्लास्टिकच्या पिशव्यांत असणार. जुलैत उघडून बघ, घडीघडीवर काळे ठिपके, धुऊनही जात नाहीत.

सासूबाईंचं खरंय, जुन्या लुगड्यांची वाकळ फुकटच व्हायची. पण ती अख्खी दुपार वसरीभर पसरलेली असायची ना? इथून जवळच, कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी म्हणजे त्यांच्याकडची गोधडी शिवतात (त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या वेळी गोव्यातूनच तिकडे गेलेले), त्या कडेपासून टाके घालत घालत मधे येतात, म्हणजे तीही एकदम पसरूनच. पैसे लागत नव्हते, जमीन लागतच होती.

नवरा चांगला आहे म्हणतेस, असेल. बहिणीच्या खोलीचा विषय त्याने एवढ्या वर्षांत काढला नाही, बिल मात्र वाचतो. त्याला मधे घालू नकोस, तो 'बघूया' म्हणेल आणि पुढची चवथ उजाडेल.

या रविवारी नणंदेला तूच फोन लाव. 'तुला राग येणार नाही ना' वगैरे सुरुवात नको. सरळ सांग, तुझी खोली मी शिवायला घेते, मशीन खिडकीपाशी लावते, तू येशील त्याच्या आदल्या दिवशी सगळं आवरून, चादर बदलून ठेवीन. तिचाही फायदाच, बंद खोलीत पावसाळाभर गादी कुबट होते, कपाटाला आतून बुरशी धरते, रोज कोणी खिडकी उघडली तर तिच्याच साड्या वाचतील. आणि चावी हातात पडेपर्यंत कापडाची एक ऑर्डर टाकायची नाही, सेल असला तरी.

ती 'आईला विचार' म्हणाली, तर फोन स्पीकरवर टाक आणि तिथल्या तिथे सासूबाईंपुढे धर.