नुसतं पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, वजन काढून थांबू नकोस

अरे मुंबईत दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आले म्हणजे २४ तासांच्या मर्यादेला टेकलो एवढंच कळतं, पण ती बांधकामाची धूळ आहे का डिझेलचा धूर का समुद्राचं मीठ, हे केमिस्ट्रीच सांगते. त्यासाठी हवा ओढून कण पकडणारे दोन फिल्टर शेजारी शेजारी लाव, टेफ्लॉनचा वजन आणि धातूंसाठी, क्वार्ट्जचा कार्बनसाठी, कारण टेफ्लॉनमध्ये स्वतःचाच कार्बन, त्यावर धुराचा कार्बन मोजणार कसा! क्वार्ट्ज आधी भट्टीत ५५० डिग्रीला काही तास भाजून घे आणि चिमट्यानेच धर, बोट लावायचं नाही. फील्ड ब्लँक, म्हणजे हवा न ओढता साइटवर नेऊन आणलेला फिल्टर, बरेच जण टाळतात (कंटाळा, दुसरं काय), पण तो नसेल तर आकड्यात हवेचं किती नि हाताळणीचं किती कळतच नाही. सॅम्पल काढलं की थेट फ्रीजरमध्ये, कणांमधलं अमोनियम नायट्रेट गरमीत उडून जातं, मग नायट्रेट कमी दिसतं आणि तू म्हणशील वा, हवा सुधारली. आणि हो, पोटॅशियम वाढलं की लगेच लाकूड जाळल्याचा शिक्का मारू नकोस, दिवाळीत फटाक्यांतूनही तेच येतं, सोबत लेव्होग्लुकोसान मोज, ते लाकडातलं सेल्युलोज जळल्यावर तयार होतं.