छपराची सवलत काढून घेतली, आता काय करायचं?

प्रश्न: फ्लोरिडात टॅम्पाजवळ १९९८ सालचं घर गेल्या वर्षी घेतलं. विक्रेत्याने दोन वर्षांपूर्वीचा विंड मिटिगेशन अहवाल (घर वादळाला किती तोंड देईल याच्या तपासणीचा) दिला होता, त्यावर विम्यात चांगली सवलत मिळाली. आता कंपनीने आपला माणूस पाठवून पुन्हा तपासणी केली, छप्पर-भिंत जोडाची सवलत काढली आणि नूतनीकरणाचा हप्ता वाढवला. अहवाल पाच वर्षं चालतो ना? मेहुणे म्हणतात, ओळखीच्या इन्स्पेक्टरकडून नवा करून घ्या, तो सांभाळून लिहील.

उत्तर: आधी मेहुण्यांचं. सवलतीसाठी जाणूनबुजून खोटा अहवाल देणं हा फ्लोरिडात फर्स्ट डिग्री मिस्डिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतला सर्वात वरचा वर्ग, आहे: एक वर्षापर्यंत कैद, हजार डॉलरपर्यंत दंड. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर फसवणुकीचा ठपका त्याहून महागात पडेल. तो विषय इथेच संपवा.

पाच वर्षांबद्दल तुमची समजूत अर्धीच बरोबर आहे. फ्लोरिडाच्या कायद्याचं कलम ६२७.७११ म्हणतं, अहवाल पाच वर्षांपर्यंत ग्राह्य, पण घरात मोठा बदल झालेला नसावा आणि अहवालात चूक सापडलेली नसावी. पडताळणीचा हक्क कंपनीला आहे, मात्र खर्च तिने सोसायचा. तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेतले असतील तर परत मागा.

तुम्ही पाठवलेले माळ्यावरचे फोटो मी मोठे करून पाहिले. छपराच्या कैचीला (छप्पर पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याला) भिंतीशी बांधणारी पोलादी पट्टी आहे, पण कैचीत दोनच खिळे दिसतात. अहवाल ज्या ठराविक फॉर्मवर भरतात त्यानुसार पट्टी 'क्लिप' धरली जायला कैचीत किमान तीन खिळे लागतात, पट्टी आणि कैचीमधली फट अर्ध्या इंचाहून कमी लागते आणि पट्टी फार गंजलेली चालत नाही. यातलं काही कमी पडलं की जोड थेट 'तिरके खिळे' या सर्वात खालच्या वर्गात जातो. म्हणजे कंपनीचं म्हणणं बहुधा खरं आहे. भांडण्यात वकिलाचाच फायदा, हे वकील असून सांगतो.

त्यापेक्षा परवानाधारक कंत्राटदाराकडून प्रत्येक पट्टीत तिसरा खिळा मारून घ्या. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कारण फॉर्ममध्ये सर्वात कमकुवत जोड धरला जातो; फक्त छपराच्या कोपऱ्यापासून पाच फुटांच्या आतल्या आखूड कैच्या त्यात धरत नाहीत. काही पट्ट्या कैचीवरून पलीकडे वळलेल्या असतील तर अलीकडे दोन आणि पलीकडे एक खिळा पुरतो, आणि वर्ग क्लिपहून वरचा मिळतो; पण सगळे जोड तसे असले तरच. मग नवी तपासणी करून, पट्टीचे जवळून घेतलेले फोटो जोडून अहवाल द्या.

कंपनीचं पत्रही नीट वाचा. चारी बाजूंनी उतरत्या छपराचा रकाना वेगळा आहे. जोडाच्या निमित्ताने ती सवलतही गेली असेल तर लेखी कारण मागा. नव्या हप्त्याची सूचना ४५ दिवस आधी लेखी यायला हवी. उशिरा आली असेल तर ती मिळाल्यापासून ४५ दिवस जुन्याच दराने विमा चालू राहतो. आणि सवलत हप्त्यातल्या फक्त वादळाच्या भागावर असते, एकूण रकमेवर नाही, हे धरून हिशेब करा.

कंपनीने लेखी उत्तर दिलं नाही तर राज्याच्या वित्तीय सेवा विभागाच्या ग्राहक कक्षाकडे तक्रार करा. त्याला वकील लागत नाही.