आधी ओल कुठून येते ते बघ

प्रिय वाचक,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जुनं घर नीट करायचं, जमिनीशी नातं जोडायचं, स्वतःकडेही वळायचं, आणि हे सगळं तीन महिन्यांत! रागावू नकोस, पण हसू आलं. मीही अशीच घाई केली होती.

माझ्या घराची मागची भिंत दगडमातीची होती, वरून चुन्याचा गिलावा. खाली हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेले, त्यांवर पांढरी भुकटी. मला ते बघवेना. सगळं खरवडून काढलं आणि गुळगुळीत सिमेंट चढवलं. खरवडताना खिडकीच्या कडेला जुन्या चुन्यात कुणाची तरी चार बोटं उमटलेली दिसली होती. तीही गेली. ते अजून खटकतं.

मग त्या नव्या भिंतीसमोर आसन टाकून रोज ध्यानाला बसू लागले. वर्षभरात ओल कंबरेच्या वर गेली. जाणारच होती. जमिनीतलं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. जुन्या चुन्यातून ते हवेत उडून जायचं, माझ्या सिमेंटने ती वाट बुजवली. मग वाट मिळेपर्यंत ते वर चढत राहिलं. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. भिंत मला सगळं सांगत होती, आणि मी तिच्यापुढेच डोळे मिटून बसले होते!

खरं दुखणं बाहेर होतं. माती साचत साचत जोत्याच्या वर आली होती, छपराचं पाणी तिथंच मुरत होतं. दोन दिवस फावडं चालवून माती उतरवली, घरापासून लांब जाणारा उतार काढला. दहा फुटांत अर्धा फूट उतार पुरतो. वरची कोरडी माती संपली की फावड्याखालचा आवाज बदलतो, वासही बदलतो. या जमिनीवर आपण राहतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याआधी ती नुसती घराखाली होती.

म्हणून जमलं तर सगळे ऋतू पाहून घे, तोवर एकही भिंत पाडू नकोस. छप्पर गळत असेल, वायर उघडी असेल तर मात्र आजच माणूस बोलाव, त्यात साधना शोधत बसू नकोस. भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण कर, शेजारी तारीख लिही. भेग ऋतूप्रमाणे उघडझाप करत असेल तर एक वेळ ठीक, नुसती वाढतच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव. अंगणातली मूठभर माती पाण्याच्या बरणीत घालून हलव आणि ठेवून दे. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमाती दिवस दिवस पाणी गढूळ ठेवते. चिकणमाती जास्त निघाली तर भिंतीजवळ मोठं झाड असेल तर ते घाईने तोडू नकोस. ते रोज ओढतं ते पाणी जमिनीतच राहील, माती फुगेल आणि पाया उचलला जाऊ शकतो.

हाताने एक तरी काम कर. सगळं नको, गवंड्याचं कसब दोन रविवारांत येत नाही. जुन्या भिंतीला चुना लावणार असशील तर एक खोली तुझ्याकडे ठेव. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. पातळ थर द्यायचा, ओलसर ठेवायचा, थांबायचं, मग दुसरा. त्याला घाई केलेली चालत नाही, आणि मला वाटतं, तू ज्याला स्वतःकडे वळणं म्हणतेस की म्हणतोस (पत्रात नाव घालायचं विसरलं आहे!) ते या थांबण्यातच थोडंफार घडतं. हातमोजे आणि चष्मा मात्र सोडू नकोस, ओला चुना डोळा जाळतो. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं.

ध्यानाची खोली कुठं करू, हे आत्ता विचारू नकोस. एक खोली रिकामी ठेव आणि थकल्यावर आपण आपसूक कुठं टेकतो ते बघ. माझी जागा अखेर खोलीत निघालीच नाही. मागच्या दाराची पायरी निघाली, उतरवलेल्या मातीसमोरची.

बरणीत काय बसलं ते कळव. खालचा थर बोटाने मोजून लिही.

तुझी,
मावशी